मोहखेड तालुका लग्नाला गेला नाही

'कारखानीसांची ओसरी' या मालिकेवरचा फुकट गेम पाडव्याच्या मुहूर्तावर सगळीकडे सुरू झाला, फक्त मोहखेड तालुक्यात झाला नाही, कारण मालिकेतल्या रेवतीच्या लग्नाला मोहखेडहून कोणीही गेलं नव्हतं. फोनवर तसं स्वच्छ लिहून येत असे. 'हा गेम आपल्या तालुक्यात उपलब्ध नाही. कारण : लग्नाला आला नाहीत.' वर कारखानीसांची मोठी आत्या, तोंड फिरवून बसलेली.

शेजारच्या वाकडी तालुक्यात गेम जोरात चालू होता. चालणारच. वाकडीहून लग्नाला पंचेचाळीस माणसं गेली होती. फेटे बांधून, टीव्हीसमोर सतरंजीवर बसून, अक्षता टाकून, वर जिलबी खाऊन घरी आली होती. आहेराची नोंदही व्यवस्थित झालेली. मोहखेडच्या नावापुढे नुसती फुली.

मग गावात कुजबुज सुरू झाली. आमंत्रण आलंच नव्हतं, की आलं होतं आणि कोणीतरी दाबून ठेवलं? तालुक्याला आमंत्रण म्हणजे कोणाच्या तरी हातात पडलं असणार ना! पोस्टमनने कानावर हात ठेवले. केबलवाल्याने देवाची शपथ घेतली. लोक एकमेकांकडे तिरक्या नजरेने बघू लागले, आणि कोणी उगाच गोड बोललं तर यानेच दाबलं असणार असं धरून चालू लागले.

या सगळ्यांत पक्क्या संशयी म्हणजे प्रभावतीबाई हुलवळे. बालवाडीत तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या. भाजीवाल्याने कोथिंबीर वर घातली, तरी बाई ती जुडी उलटीपालटी करून बघायच्या. गेम फुकट आहे म्हटल्यावर त्यांच्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली.

"फुकट कोण काय देतं हो?" त्या यजमानांना म्हणाल्या. "पाणी कुठेतरी मुरतंय."

"आपल्याकडे कुठे देतायत?" माधवराव म्हणाले. माधवराव एसटीच्या आगारातून निवृत्त झालेले. कमी बोलायचे.

"तेच तर! फुकटचं आणि तेही आपल्यालाच नाही. म्हणजे दोन्हीकडून संशय."

एवढ्यावर प्रकरण मिटलं असतं. बाईंना गेमशी काय देणंघेणं? पण चैत्राच्या शेवटी फोनवर कल्याणीचा निरोप आला. कल्याणी त्यांची एकुलती एक मुलगी. नाशिकला असते. मायलेकी चार वर्षांत एकमेकींशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

झालं होतं ते एवढंच. कल्याणीने आपलं आपण लग्न ठरवलं, त्याला बाईंची ना नव्हती. मुलगाही चांगला होता. पण कल्याणीने नाशिकलाच हॉल घेतला आणि आईला पत्रिका पाठवली ती फोनवर. बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. घरी येऊन, कुंकू लावून, अक्षत दिल्याशिवाय मी कोणाच्या लग्नाला जात नाही, असं त्यांनी कळवलं. कल्याणीने उलट कळवलं, "आई, तू घरातली. तुला कसलं आमंत्रण?" दोघींचंही म्हणणं बरोबर होतं, म्हणून कोणी माघार घेतली नाही. लग्नाच्या दिवशी बाई घरात बसून शेंगा फोडत होत्या. माधवराव पलीकडे बसून टरफलं गोळा करत होते.

आता हा निरोप. 'आई, तुझ्या घरी मी येणार नाही, माझ्या घरी तू येणार नाहीस. ओसरी आपल्यापैकी कोणाचीच नाही. मी रोज पाच वाजता गेममध्ये ओसरीवर बसते. ज्येष्ठ संपला की आम्ही फिनलंडला जाणार. कायमचं. तिकडे हा गेम मिळत नाही.'

बाईंनी निरोप अकरा वेळा वाचला. त्यात काही डाव आहे का ते पाहिलं. डाव सापडला नाही, याचाच त्यांना जास्त संशय आला. पण रोज पाच वाजले की हातातलं काम टाकून त्या फोन उघडायच्या. पोर तिथे ओसरीवर एकटी बसली असेल, आणि आपल्या फोनवर ही आत्या तोंड फिरवून! जीव टांगणीला लागणं म्हणतात ते हेच.

एक दिवस त्या एसटीने सरळ वाकडी तालुक्यात गेल्या. हद्दीच्या दगडापलीकडे उभ्या राहिल्या आणि गेम उघडला. दार दिसलं. आत्याही या खेपेला समोर बघत होती.

"कुठल्या तुम्ही?" आत्याने विचारलं.

बाई तीस वर्षं मुलांना खरं बोलायला शिकवत होत्या. "मोहखेड," त्या म्हणाल्या.

आत्याने तोंड फिरवलं. बाई पुढच्या एसटीने परत आल्या.

ज्येष्ठ अर्धा उलटला तेव्हा तहसील कचेरीच्या आवारात प्रादेशिक प्रवेश अधिकारी श्री. टेंभुर्णे येऊन बसले. रेक्झिनची बॅग, दोन रजिस्टरं, एक शिक्का. तालुका का बंद आहे याची चौकशी करून, शक्य तर तो उघडायचा, एवढंच त्यांचं काम. पहिल्याच दिवशी त्यांनी प्रभावतीबाईंना बोलावणं धाडलं.

बाई छत्री घेऊन गेल्या. ऊन नव्हतं, पण हातात काहीतरी असलेलं बरं.

"आमंत्रण कोणी दाबलं, ते कळलं का?" त्यांनी बसायच्या आधीच विचारलं. "माझा केबलवाल्यावर संशय आहे. नाहीतर पलीकडची चौगुलीण. पाडव्यापासून फार गोड बोलतेय."

टेंभुर्ण्यांनी रजिस्टर उघडलं. "मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार," ते वाचू लागले. "संध्याकाळी सात वाजून बारा मिनिटं. संपूर्ण तालुक्यात वीज गेलेली. फक्त एका घरात टीव्ही चालू. हुलवळे. इन्व्हर्टर."

"यांनी बसवलाय," बाई म्हणाल्या. "मला तेव्हाच संशय आला होता."

"त्या वेळी मोठ्या आत्या भाजी निवडता निवडता थांबल्या, बाहेर वळल्या आणि म्हणाल्या, 'मोहखेडकर, आमच्या रेवतीचं लग्न आहे. अगत्य यायचं.' ऐकलंत?"

बाईंनी ऐकलं होतं. आत्या आपल्याकडेच बघून बोलली हेही लक्षात होतं.

"ते आमंत्रण होतं होय?" त्या म्हणाल्या.

"मग काय होतं?"

"अहो, असं लांबून? हातात मेथीची जुडी धरून? ना कुंकू, ना अक्षत! रस्त्याने जाता जाता कोणी म्हणालं 'या हो लग्नाला', म्हणून काय आपण पिशवी उचलून निघायचं? मी काही ते मनावर घेतलं नाही."

"तुम्ही टीव्ही बंद केलात. आणि काही बोललात. तेही आलंय इथे." टेंभुर्ण्यांनी ओळीवर बोट ठेवलं. "'अक्षत आल्याशिवाय मी पोटच्या पोरीच्या लग्नाला गेले नाही, तर तुमच्या कुठे येऊ?'"

खोलीतला पंखा कुरकुरत होता. बाईंना कोणीतरी भर वर्गात उभं केल्यासारखं झालं. अडीच महिने अख्ख्या तालुक्यावर संशय घेतला, एक माणूस सोडला नाही, आणि माणूस निघाला तो हा. त्यांना स्वतःची लाज वाटली. पण ती दाखवायची त्यांना सवय नव्हती.

"गावाला कळवणार का?" त्यांनी विचारलं.

"आम्ही फक्त नोंद ठेवतो. उपाय आहे. ज्याला आमंत्रण होतं, त्याने अर्ज करायचा. लग्न कोणाचं, का गेला नाहीत, आता यायची इच्छा आहे का. अर्ज मंजूर झाला की आमंत्रण पुन्हा निघतं. या खेपेला रीतीप्रमाणे."

"रीतीप्रमाणे म्हणजे?"

"अक्षत घेऊन माणूस घरी येतो. म्हणजे बाई. तालुक्यातलीच माहेरवाशीण असावी लागते, आणि सध्या गेम चालू असलेल्या भागात राहणारी. तसा नियम आहे."

बाईंनी डोळे बारीक केले. "कोण येईल?"

"ज्यांनी नावं दिलीत, त्यांच्यातून कोणीतरी."

"कोणी कोणी दिलीत?"

"ते सांगता येत नाही."

बाईंनी अर्ज घेतला. चार वेळा मागून पुढून पाहिला. मागे बारीक अक्षरात काही छापलेलं नाही ना, तेही तपासलं. मग लिहायला बसल्या. 'न येण्याचे कारण' या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'अक्षत आली नाही.'

टेंभुर्ण्यांनी मान हलवली. "हे कारण नामंजूर आहे. ही आमची चूक झाली, तुमचं कारण नव्हे. तुम्ही का गेला नाहीत ते लिहा."

"फरक काय?"

"फरक आहे," टेंभुर्णे शांतपणे म्हणाले आणि दुसरा कोरा अर्ज पुढे केला.

बाई बराच वेळ पेन धरून बसल्या. बाहेर कोणीतरी स्टॅम्पपेपरवरून भांडत होतं. शेवटी त्यांनी बालवाडीच्या गोल अक्षरात लिहिलं, 'मी रुसले होते.' पुढच्या रकान्यात, 'आता यायची इच्छा आहे का?' तिथे 'फार' असं लिहिलं. सही केली आणि कागद पुढे सरकवला.

टेंभुर्ण्यांनी चष्मा वर केला. "लग्न कोणाचं, इथे तुम्ही कल्याणी लिहिलंय."

बाईंनी पाहिलं. खरंच लिहिलं होतं. हात आपोआप गेला होता.

"रेवती हवं होतं. खोडू का?"

"खोडाखोड चालत नाही."

"मग नवा अर्ज द्या."

"एका माणसाला दोनच मिळतात." टेंभुर्ण्यांनी कागदावर शिक्का मारला. "राहू दे. बंद तालुक्यांतून अर्ज येतात, त्यांत रेवतीचं नाव क्वचितच असतं. मंजूर होतात."

पुढचे आठ दिवस प्रभावतीबाई दारावर नजर ठेवून होत्या. मोहखेडच्या माहेरवाशिणी काय थोड्या का आहेत! चौगुलिणीची थोरली येईल, नाहीतर त्या सोनाराची मुलगी. तिने कुंकू लावताना मुद्दाम वाकडं लावलं तर? अक्षत जुन्या तांदळाची आणली तर? की येणारच नाही कोणी, आणि हा टेंभुर्णे नुसता शिक्के मारत फिरणारा लबाड असेल? कचेरीतली त्याची खुर्ची दोन दिवसांपासून रिकामीच होती. ज्येष्ठाचे चारच दिवस उरले होते. बाईंना जेवण जाईना. माधवराव दोन वेळा म्हणाले, "येईल कोणीतरी," आणि बाईंना त्यांचाही संशय आला.

शुक्रवारी साडेचारला बेल वाजली.

दारात कल्याणी उभी होती. गळ्यात प्रादेशिक प्रवेश कार्यालयाचं ओळखपत्र. एका हातात हळदीकुंकवाची कुयरी, दुसऱ्या हातात अक्षतांचा डबा, काखेत रजिस्टर. चार वर्षांत थोडी भरली होती. केस कापले होते.

"हुलवळे इथेच ना?" ती म्हणाली.

"इथेच," बाई म्हणाल्या.

"मी कारखानीसांकडून आलेय. कामावर आहे. आत आलं तर चालेल?"

बाई बाजूला झाल्या. माधवराव आतून आले, मुलीला पाहिलं, पाट मांडला आणि डोळे पुसत स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवलं. बाई पाटावर बसल्या. कल्याणीने त्यांना हळद लावली, कुंकू लावलं, हातावर अक्षत ठेवली.

"ओसरीवर यायचं हं. सहकुटुंब. अगत्य."

"यायचं," बाई म्हणाल्या. आणि मग त्यांना राहवेना. "तुला त्यांनी पाठवलं, की तू आलीस?"

"यादीत नाव असल्याशिवाय पाठवत नाहीत."

"मग नाव कोणी दिलं?"

"मीच."

"कधी? तुला माझा अर्ज दाखवला असेल त्यांनी. त्यावर तुझं नाव पाहिलंस, म्हणून दिलंस. खरं सांग."

कल्याणीने डब्याचं झाकण लावलं. "पाडव्याला दिलं, आई. बंद तालुक्यांची यादी लागली, त्याच दिवशी. पण अर्ज आल्याशिवाय येता येत नाही, नियम आहे. तू अर्ज करशील म्हणून तीन महिने वाट बघत होते."

संशय घ्यायला कुठे जागा आहे का ते बाईंनी नेहमीप्रमाणे शोधलं. जागा नव्हती. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते पदराने पुसलं.

"रजिस्टरला सही कर," कल्याणी म्हणाली. "आणि उठ, पाच वाजत आलेत."

दोघी सोफ्यावर शेजारी शेजारी बसल्या. दोघींनी आपापला फोन उघडला. आत्या दारात उभी होती.

"कुठल्या तुम्ही?"

"मोहखेड."

"या," आत्या म्हणाली, आणि दारातून बाजूला झाली.

बाईंना चालायचं कसं ते जमेना. त्या तीनदा तुळशीवृंदावनावर आपटल्या, एकदा गोठ्यात शिरल्या. "उजवीकडे वळ, आई," असं फोनवर लिहून आलं. ओसरीवर कल्याणी बसली होती. बाई तिच्या शेजारी जाऊन बसल्या. माधवराव चहा घेऊन आले आणि दोन कप हळूच सोफ्यासमोर ठेवून गेले.

मग कल्याणीने लिहिलं, 'तू आली नाहीस, ते मला फार लागलं. मंगलाष्टकं चालू होती तेव्हाही मी दाराकडेच बघत होते.'

प्रभावतीबाईंनी चष्मा पुसून ते वाचलं. शेजारी न बघता त्या उत्तर लिहू लागल्या. फोनवर जोडाक्षरं सापडायला त्यांना फार वेळ लागत असे. कल्याणी ओसरीवर थांबली.