तात्पुरते शब्द

गाण्याची चाल मंगळवारी सकाळी साडेदहाला पूर्ण झाली आणि शब्दांचा पत्ता नव्हता. एरवी अशा वेळी संगीतकार गीतकाराला फोन लावून चार शब्द सुनावायचा आणि त्याचा जीव हलका व्हायचा. या वेळी ती सोय राहिली नव्हती, कारण या नाटकाचा गीतकारही तोच होता.

अठरा वर्षं त्याने दुसऱ्यांच्या शब्दांना चाली लावल्या होत्या. एका कवीने ओळीत तीन अक्षरं जास्त कोंबून "तो आशय आहे" असं सांगितलं होतं, दुसऱ्याने पडदा उघडायच्या दिवशी अख्खं कडवं बदललं होतं. ते सगळं त्याने मुकाट्याने गिळलं. मनात इच्छा एकच होती, की पोस्टरवर 'गीत' या शब्दापुढे एकदा तरी आपलं नाव यावं. म्हणून या नाटकाच्या निर्मात्यांना त्याने निक्षून सांगितलं, गीतं मी लिहिणार, नाहीतर चालीही मिळणार नाहीत. आयुष्यात पहिल्यांदाच तो असा अडून बसला होता. निर्माते हो म्हणाले आणि मग खरोखरच लिहिण्याची पाळी आली.

चाल आधी झाली, तर ती लक्षात राहावी आणि नटांना तालीम सुरू करता यावी म्हणून तिच्यात हाताला लागतील ते शब्द भरून ठेवायचे, अशी या धंद्यात पद्धत आहे. त्याला डमी म्हणतात. खरे शब्द आले की डमी फेकून द्यायची. कुणी वर्तमानपत्राच्या मथळ्यांची डमी करतो, कुणी औषधाच्या बाटलीवरच्या सूचनांची. संगीतकार घरी बसून काम करायचा, त्यामुळे त्याच्या डमीत बायको असायची.

बायको बस डेपोत चौकशीच्या खिडकीत बसत असे. रोज शे-दीडशे माणसांना कुठली गाडी कुठून सुटते हे सांगून सांगून तिची वाक्यं घासून गुळगुळीत झाली होती. त्यांत एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही, आणि ऐकणाऱ्याला पुन्हा विचारायची सोय नाही. ती वाक्यं चालीत आपोआप बसायची, संगीतकाराला बोटसुद्धा लावावं लागायचं नाही.

नाटकातला प्रसंग असा होता, की सात वर्षं बेपत्ता असलेला नायक परत येतो आणि दार उघडून नायिका गाते. संगीतकार आदल्या दिवशी स्वतः दीड तास उशिरा घरी आला होता आणि त्याबद्दल त्याने बायकोकडून जे ऐकून घेतलं होतं ते अजून कानात ताजं होतं. त्याने तेच चालीत घातलं.

"कुठे होतात इतका वेळ, फोन का नाही उचलला?
दोनदा जेवण गरम केलं, तिसऱ्यांदा करणार नाही.
किल्ली कुंडीखाली आहे,
पाय पुसून आत या."

कीबोर्डवर सूर धरून त्याने हे मनापासून गायलं, मोबाइलवर रेकॉर्ड केलं, दिग्दर्शिकेला पाठवून दिलं आणि निवांतपणे खरे शब्द लिहायला बसला.

डमी म्हणजे डमी, हे सांगण्याची वेळ त्याच्यावर अठरा वर्षांत कधी आली नव्हती. पण ही दिग्दर्शिका गद्य नाटकांतून आलेली होती. हे तिचं पहिलंच संगीत नाटक. लेखकाने पाठवलेला प्रत्येक शब्द विचार करूनच पाठवलेला असतो, अशी तिची भाबडी समजूत होती आणि ती अजून कुणी मोडली नव्हती.

खरे शब्द यायला बारा दिवस लागले. शनिवारी सकाळी संगीतकाराने ते बायकोला वाचून दाखवले.

"विरहाच्या वेलीवरती स्मृतिपुष्प उमलले साजणा," तो डोळे मिटून म्हणाला, "आसवांच्या आर्त तळ्याशी मौन मोहरले साजणा."

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. "म्हणजे ती त्याला आत घेते की नाही?"

"ते सुचवलंय."

"सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तो बिचारा दारात किती वेळ उभा राहील?"

"कविता आहे ती. गाडीची वेळ नाही."

"बरं," बायको म्हणाली. "तुम्ही लिहिलंय म्हणजे चांगलंच असेल. उद्या निमंत्रितांची तालीम आहे ना? येते मी ऐकायला. सुट्टी टाकलीय."

अठरा वर्षांत तिने त्याच्या कामासाठी पहिल्यांदाच सुट्टी टाकली होती. संगीतकाराला भरून आलं. शब्दांचे चार कागद व्यवस्थित पिशवीत घालून तो तालमीच्या हॉलवर निघाला.

हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि त्याला रंगमंचावर एक दार दिसलं. दाराबाहेर पायपुसणं होतं आणि शेजारी एक मोठी मातीची कुंडी. संहितेत कुंडी असल्याचं त्याला आठवत नव्हतं. कुणाला काही विचारणार तोच दिव्याचा झोत नायिकेवर आला आणि ती गाऊ लागली.

ती त्याच्या बायकोचं बोलणं गात होती. "कुठे होतात इतका वेळ" म्हणताना तिचा आवाज असा कापत होता, की सात वर्षं तिने याच एका प्रश्नावर काढली आहेत असं वाटावं. "किल्ली कुंडीखाली आहे" या ओळीला नायकाने थरथरत्या हाताने कुंडी उचलली, किल्ली घेतली आणि छातीशी धरली. मागे आठ नर्तक ओळीने उभे होते. "पाय पुसून आत या" यावर त्या आठांनी एका लयीत पाय पुसले. दिवेवाला नाक ओढत होता.

"कसं वाटलं, दादा?" दिग्दर्शिका धावत आली. "अहो, काय लिहिलंय तुम्ही. मी एक अक्षर हलवलं नाही. फक्त तिसऱ्यांदाच्या ओळीला हिचा श्वास पुरत नाहीये, तेवढं बघा."

"पण ते..." संगीतकाराने पिशवीतून कागद काढले. "खरे शब्द मी आज आणलेत. हे तात्पुरते होते."

दिग्दर्शिका गोंधळली, पण भल्या घरची असल्यामुळे तिने नवे शब्द गाऊन बघायला होकार दिला. नायिकेने कागद हातात घेऊन "विरहाच्या वेलीवरती" सुरू केलं. नायक सवयीने कुंडीकडे वळला आणि आता किल्लीचं काय करायचं ते न कळून ती हातात घेऊन नुसताच उभा राहिला. "मौन मोहरले" या जागी आठ नर्तकांनी पाय पुसले. गाणं संपलं. दिवेवाल्याने नाक ओढणं थांबवलं होतं.

"हे कुणी लिहिलंय?" दिग्दर्शिकेने हळूच विचारलं.

"मीच."

"आणि आधीचं?"

आता इथे त्याने खरं सांगायला हवं होतं. सांगायला तोंड उघडलंही होतं. पण टेबलावर पोस्टरचा नमुना पसरलेला होता, त्यावर ठसठशीत अक्षरांत 'गीत आणि संगीत' असं लिहून पुढे त्याचं नाव होतं, आणि ते नाव तिथे फार शोभत होतं.

"तेही मीच," तो म्हणाला.

"मग दादा, तुम्ही चांगलं लिहीत होता की. मध्येच काय झालं तुम्हाला?" दिग्दर्शिका कळवळून म्हणाली. "आधीचंच ठेवू. पोस्टर आज छपाईला जातंय."

घरी जाताना संगीतकार एकच हिशोब करत होता. उद्या बायको येणार. तिची बोलणी तीनशे माणसांसमोर साभिनय होणार, आठ माणसं पाय पुसणार, आणि ते सगळं नवऱ्याने लिहिलंय असं तिला सांगितलं जाणार. यातून सुटायचं तर तिला येऊ न देणं हा एकच मार्ग त्याला दिसत होता.

"अगं, उद्याची वेळ बदललीय," तो चहा घेताना सहज म्हणाल्यासारखं म्हणाला. "पाचऐवजी सातला आहे."

आयुष्यभर लोकांना अचूक वेळ सांगणाऱ्या बाईला चुकीची वेळ सांगायचा तो पहिलाच प्रयत्न होता. तिने शांतपणे हॉलवर फोन लावला. "उद्याची निमंत्रितांची तालीम किती वाजता? पाच. नक्की का? बदल नाही ना? ठीक आहे." फोन ठेवून ती म्हणाली, "तुम्हाला कुणीतरी चुकीचं सांगितलंय. पाचलाच आहे. अशा माणसांवर विसंबत जाऊ नका."

"पण तिथे गर्दी असते. खुर्च्यासुद्धा मोडक्या आहेत."

"मी वीस वर्षं मोडक्या खुर्चीवरच बसतेय," बायको म्हणाली आणि विषय संपला.

रविवारी पाचला पाच कमी असताना ती पहिल्या रांगेत बसली होती. इस्त्रीची साडी, मांडीवर पर्स. संगीतकार शेजारी बसला होता. पहिला अंक बरा गेला. मग दाराचा प्रसंग आला, दिवा नायिकेवर स्थिर झाला आणि ती गाऊ लागली.

पहिल्या ओळीला बायकोने मान वाकडी केली. दुसऱ्या ओळीला तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो समोर बघत राहिला. तिसऱ्या ओळीला ती त्याच्या कानाशी येऊन म्हणाली, "उद्यापासून किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवायची." आजूबाजूला रुमाल निघत होते. पलीकडच्या खुर्चीतले निर्माते चष्मा पुसत होते.

गाणं संपलं, टाळ्या पडल्या, आणि त्या ओसरेपर्यंत बायको थांबली. मग पर्स खुर्चीवर ठेवून ती उभी राहिली. खिडकीतून रांगेतल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचणारा तिचा तो आवाज हॉलभर गेला.

"एक मिनिट. ती दुसरी ओळ चुकलीय."

नायिका थांबली. दिग्दर्शिका वळली. "कुठली ओळ, वहिनी?"

"तिसऱ्यांदा करणार नाही, असं मी म्हणत नाही. तसं म्हटलं तर माणूस उपाशी राहील. मी म्हणते, 'तिसऱ्यांदा तुम्ही करा.'"

नायिकेने मनातल्या मनात ती ओळ गुणगुणून पाहिली, मग मोठ्याने गाऊन पाहिली. "दोनदा जेवण गरम केलं, तिसऱ्यांदा तुम्ही करा." श्वास पुरला. नुसता पुरलाच नाही, शेवटी थोडा उरला आणि त्या उरलेल्या श्वासात तिला हसू आलं. ते हसू त्या जागी इतकं चपखल बसलं, की नायकाचे डोळे खरोखरच भरून आले. संगीतकाराने याच ओळीवर आदली अख्खी रात्र डोकं फोडलं होतं.

"'मी म्हणते' म्हणजे?" दिग्दर्शिकेने विचारलं. "हे तुम्ही म्हणता?"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. ती रागावलेली नव्हती. तो आता काय सांगतो याची ती वाट बघत होती, खिडकीपलीकडचं माणूस नीट प्रश्न विचारेपर्यंत थांबते तशी. आणि संगीतकाराच्या लक्षात आलं, की आपण एक शब्द फिरवला तर ती सावरून घेईल. चुकून म्हणाले, असं सांगेल आणि खाली बसेल. पोस्टर छापून आलेलंच होतं. अठरा वर्षांची इच्छा भिंतीवर चिकटवायला तयार होती.

तो उठला. त्याला फार वाईट वाटत होतं आणि ते लपवायची त्याच्यात ताकद नव्हती.

"शब्द हिचे आहेत," तो म्हणाला. "सगळे. माझं ते वेलीवरचं पुष्प होतं."

"ते पण चांगलं होतं," बायको चटकन म्हणाली. "फक्त कळत नव्हतं."

नवं पोस्टर छापलं गेलं. 'संगीत' या शब्दापुढे त्याचं नाव होतं, 'गीत' या शब्दापुढे बायकोचं. ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा संगीतकाराच्या काळजात चर्र झालं, आणि त्याच वेळी आपलं आणि तिचं नाव शेजारीशेजारी याआधी कुठे छापलं होतं ते त्याला आठवेना. नाटक चाललं. लोक गाणं गुणगुणत बाहेर पडायचे आणि वाटेत घरी फोन करायचे. लवकरच पुढच्या नाटकाचं बोलणं आलं. दिग्दर्शिका स्वतः घरी आली आणि सरळ बायकोसमोर बसली.

"सात गाणी हवीत, वहिनी."

"मला लिहिता येत नाही हो."

"लिहू नका. बोला. नंतर उतरवून काढा."

बायकोने डेपोतून रद्द झालेली एक जाड वही आणली. तेव्हापासून घरात सुरुवातीला कुणाच्या लक्षात न आलेला एक बदल झाला. संगीतकाराने ओला टॉवेल पलंगावर टाकला. बायको दारात आली, तिने टॉवेल पाहिला, तोंड उघडलं, मिटलं, आणि ती वही घेऊन बसली.

"काय म्हणत होतीस?" संगीतकाराने विचारलं.

"काही नाही."

दुसऱ्या दिवशी त्याने गॅसवर दूध उतू घालवलं. तिने गॅस बंद केला, ओटा पुसला, आणि वहीत दीड पान लिहिलं. तिसऱ्या दिवशी तो विजेच्या बिलाची तारीख विसरला, आणि त्यानंतर तर त्याने मुद्दामच दोन-तीन गोष्टी विसरून पाहिल्या. वही भरत होती. घरात मात्र टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता होती आणि ती संगीतकाराला खायला उठली. त्याला नव्या चालीत भरायला डमीचे शब्दही मिळेनात. अखेर त्याने "ल ल ल" गाऊन चाल दिली. तिने ती ऐकली आणि चौथ्या मात्रेला आपलं वाक्य बसत नाही, तेवढं बदला, असं सांगितलं.

"अगं, निदान काय वाक्य आहे ते तरी कळू दे," तो काकुळतीला येऊन म्हणाला. "टॉवेलाबद्दल आहे की दुधाबद्दल?"

"वाया नाही घालवायचं ते. दुसऱ्या अंकात आहे."

गुरुवारी नव्या नाटकाची पहिली तालीम होती. बायको डेपोत कामावर गेली होती. संगीतकार अर्धा तास आधीच हॉलवर पोचला, पहिल्या रांगेतली खुर्ची धरून बसला आणि नायिका तोंड उघडायची वाट बघू लागला. गेल्या तीन आठवड्यांत बायको आपल्याला काय काय बोलली, हे आज त्याला समजणार होतं.