टाकळकर सरांचा संगणक

टाकळकर सरांचा संगणक हजेरी घेतल्याशिवाय चालू होत नसे. कारण तो संगणक म्हणजे आम्ही विद्यार्थीच होतो.

परभणीच्या आमच्या कॉलेजात सर बी.एस्सी.ला गणित शिकवत आणि त्यासोबत प्रोग्रॅमिंगचा पेपर. खरं यंत्र एकदा आलं होतं, नेमकं खंडेनवमीला. सरांनी स्वतः खोकं उघडलं, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. पाणी कळफलकात गेलं आणि कुंकू फ्लॉपीच्या खाचेत. मग बटण दाबलं. यंत्रानं एक आचका दिला आणि ते दुरुस्तीला औरंगाबादला गेलं ते गेलंच.

शिपाई म्हणाला, "सर, आधी चालू तरी करून बघायचं."

"पूजेच्या आधी अवजार चालवतेत का कुठं?" सर उलट त्याच्यावरच चिडले.

तेव्हापासून सर आम्हाला रांगेत उभं करू लागले. पहिल्याला विचारायचे, "पाचाचं क्रमगुणित किती?" म्हणजे पाचापासून एकापर्यंतच्या आकड्यांचा गुणाकार. त्यानं उत्तर द्यायचं नाही. मागच्याला चाराचं विचारायचं आणि थांबायचं. चारानं तिनाचं विचारायचं आणि थांबायचं. सगळ्यात मागे मी. मी फक्त "एक" म्हणायचं. मग उत्तर गुणत गुणत पुढं जायचं. एकदा तिनाच्या जागेवरचा दिगंबर मध्येच चहाला गेला. सरांनी बाकीच्यांना हलू दिलं नाही. "थांबा! पुढच्याचा प्रश्न मागच्यावर टांगलेला हाय. हललात की सगळं सांडलं."

प्राचार्य डोकावले. "काय हो, शिक्षा केलीय का पोरांना?"

"न्हाई साहेब, प्रोग्रॅम चालायलाय."

मी देवगाव फाट्याजवळच्या वस्तीवरून एसटीनं यायचो. विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद पुकारला की एसटी बंद, तास बंद. इतर दिवशी उभ्यानं प्रवास करून वर्गात पोचेपर्यंत डोळे मिटायला लागलेले असत. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मीच पहिला. वडील म्हणाले होते, यंदा नापास झालास तर मेंढरांमागं ये. आणि प्रात्यक्षिक परीक्षा होती औरंगाबादला, खऱ्या यंत्रावर.

मला तर मूळ गोष्टच पटत नव्हती. "सर, जे काम अजून पुरं झालं नाही, त्याचंच उत्तर आपण वापरायचं कसं?"

"एकाला जमतं का?"

"जमतं."

"मागच्याला जमलं तर पुढच्याला जमतं?"

"जमतं. पण सर, मागच्याला जमलं हे आपण नुसतं धरायलोत."

"मग धर की! याला गणिती विगमन म्हणतेत. दर पायरी उतरून बघत बसलास तर म्हातारा होशील."

मी धरू शकलो नाही. थकलोही होतो. एक दिवस गेलो नाही, मग दुसऱ्या दिवशीही गेलो नाही, मग जाणंच सोडलं.

रविवारी टाकळकर सर धुळीनं पांढरे होऊन वस्तीवर आले. वडिलांनी घोंगडी अंथरली. "गुर्जी, काय शिकायलंय हे पोरगं?"

सर म्हणाले, "मोठं काम आलं की त्यातलं जरासं आपण करायचं, बाकीचं तसंच दुसऱ्यावर सोडायचं, आन् थांबायचं."

"हे त याला आधीच येतंय," वडील म्हणाले. "मेंढरं धाकट्यावर सोडून झाडाखाली थांबतंय की!"

सर इतके हसले की कुत्रं भुंकायला लागलं. जाताना वडील म्हणाले, "परीक्षा होईस्तोवर न्या. पुढचं पुढं."

मी सरांना फाट्यापर्यंत सोडायला गेलो. गाडी येईना. सर रुमालानं चष्मा पुसत बसले.

"आपला प्रोग्रॅम चालताना मी कधी बघितला न्हाई रे," ते एकाएकी म्हणाले. "सगळं पुस्तकातून शिकलो. पोरं परीक्षेला जातेत. पास झालं की पुण्याला जातंय, नापास झालं की गावाकडं. मला येऊन कोण सांगणार? तू पास हो असं म्हणत न्हाई मी. चाललं का, तेवढं येऊन सांग."

प्रात्यक्षिकाला दोन संख्यांचा मसावि काढायचा होता. पहिल्या वेळी यंत्रानं चूक दाखवली. एक अर्धविराम राहिला होता, तो घातला. आत उतरून बघायचा मोह झाला, पण मागच्याला जमलंय असं धरलं आणि बटण दाबलं. उत्तर आलं. परीक्षकांनी कागदावर खूण केली आणि म्हणाले, "ठीक आहे, उठा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांच्या खोलीवर गेलो. ते एकटेच राहत हे मला तेव्हा कळलं. एक खाट, एक स्टोव्ह आणि दाराशी एकच चपलांचा जोड. त्यांनी मला खाटेवर बसवलं आणि स्वतः दाराला टेकून उभे राहिले.

"चाललं, सर."

"काय दिसलं?"

"आकडा. हिरवा. काळ्या पडद्यावर."

"लगेच?"

"लगेच."

सरांनी स्टोव्हवर चहाचं आधण ठेवलं, दोन कप धुतले. मग माझ्याशेजारी येऊन बसले.

"आता घाई करू नको," ते म्हणाले. "परीक्षेच्या खोलीत शिरलास तिथून सांग."