नानांचा टाकळा

आमच्या काळाचौकीच्या चाळीत पाहुणा आला की नाना आधी त्याच्या पायांकडे बघतात. पॅन्टच्या दुमडीला आघाड्याचं बी चिकटलेलं दिसलं, की त्याला जिन्याखालीच उभं करून वेचतात. माझ्या मुलीला बघायला आलेल्यांनाही त्यांनी सोडलं नाही. "आघाड्याक तिकीट लागणा नाय," ते मुलाच्या वडलांना म्हणाले, "तुमच्या पॅन्टीक धरून खंयच्या खंय जाता." तरी सोयरीक जमली, हे आमचं नशीब.

नाना तळमजल्यावर एकटे राहतात. गिरणी सुटल्यापासून रोज सकाळी मोडकं उलथनं घेऊन चाळीमागच्या पट्टीतलं तण काढणं हीच त्यांची पाळी. मी दात घासत उभा राहिलो की माझा वर्ग भरतो. हराळी तोडली तर जितके तुकडे, तितक्या हराळ्या. गाजरगवत फुलायच्या आत काढलं नाही, तर एका झाडाचं गाव होतं. लव्हाळा वरून उपटला तरी खाली गाठी तशाच. आणि शेवटी ठरलेलं वाक्य: "मूळ रवलां, म्हणजे कूळ रवलां." गावाकडे जमीन कसणारं कूळ एकदा बसलं की हलत नाही, तसं हे. मला यातलं निम्मंच कळतं, पण मान मी पूर्ण हलवतो.

मी चाळ कमिटीचा सेक्रेटरी. म्हाताऱ्याचे गुडघे बघवेनात, म्हणून मागच्या पट्टीत पेव्हर ब्लॉक बसवायचं मंजूर करून घेतलं. तणाचा कायमचा निकाल. ही बातमी सांगायला मी पेढे घेऊन गेलो.

नानांनी पेढा घेतला नाही. ब्लॉक उतरले त्या सकाळी ते पट्टीत स्टूल टाकून बसले आणि हलेनात. कंत्राटदार माझ्याकडे बघतोय, मी नानांकडे. ज्याच्याशी इतकी वर्षं वैर केलं, त्याचीच बाजू हा माणूस का घेतोय, मला काही उमगेना.

"नाना, तुमचाच त्रास वाचवतोय ना?"

"माका खंय त्रास होता?"

तेव्हा माझं लक्ष स्टुलामागे गेलं. सगळी पट्टी स्वच्छ आणि भिंतीलगत कंबरेएवढा टाकळा, शेंगांनी लगडलेला. नानांच्या नजरेतून एवढं तण सुटलं कसं? मी आपला मदत म्हणून उपटायला वाकलो, तर उलथनं मनगटावर बसलं.

"हात लावू नको." मग त्यांचा आवाज उतरला. "गावसून आणलेली पिशवी तुझ्या काकीन हयसर झाडल्यान. पेरूक नाय, नुसती झाडल्यान. तेतूरसून हो टाकळो इलो."

काकी म्हणजे त्यांची बायको. तिला जाऊन बरीच वर्षं झाली.

"ती गेली, तेच्या मागसून दोन वर्सां हो इलोच नाय. माका वाटलां, हो पण गेलो. तिसऱ्या वर्सा बघतंय तर हय उभो. बियो निजान रवतत रे. कधी उठतील सांगूक येणा नाय."

"मग भाजी करता याची?"

"माका करूक खंय येता?"

मला एकदम फार वाईट वाटलं. कंत्राटदाराला भिंतीलगतची एक रांग सोडायला सांगितली. कमिटीने कारण विचारलं, तेव्हा मी पाण्याचा निचरा वगैरे काहीतरी बोललो. ते मलाही पटलं नाही.

पुढच्या पावसाळ्यात टाकळा पुन्हा आला. माझ्या बायकोने त्याची कोवळी पानं खुडली, कांदा-खोबरं घालून भाजी केली आणि नानांना ताट नेऊन दिलं. पहिला घास घेऊन त्यांनी ताट खाली ठेवलं. मीठ चुकलं की काय, आम्हाला कळेना.

मग त्यांनी तिच्याकडे बघून हळूच विचारलं, "मूळ ठेवलंस मा गो?"