सत्तावीस नंबरचं रक्त

सुईचं नाव निघताच पद्माबाईनं बिदरच्या दवाखान्यासमोरच्या लिंबाखाली बैठक मारली. "म्या न्हाई येत आत. रगत हाय कुठं अंगात? व्हतं ते रोज चालायलंय की!"

पाळी जाऊन आठ वर्षं झाल्यावर तिला पुन्हा रक्त जायला लागलं होतं, म्हणून लिंगाप्पानं बायकोला दुबलगुंडीहून इथं आणलं होतं. डॉक्टर विनीताबाईंनी तपासून समजावलं होतं, "पिशवीचा कॅन्सर नाही ना, ते बघायला हवं. कधीकधी रक्तात त्याची खूण दिसते, ती बघू. साखरही बघू. पण नुसत्या रक्तावर मी विसंबणार नाही. परवा पिशवीतला छोटा तुकडा काढून तपासायला पाठवायचा." कॅन्सर हा शब्द ऐकल्यापासून लिंगाप्पाचं काळीज जागेवर नव्हतं.

त्याचा उभा जन्म मेंढरांत गेलेला. कळपात रोग शिरला की जनावरांचा डॉक्टर येई, दोन मेंढरांचं रक्त घेई आणि साऱ्या कळपाचा निकाल सांगे. मग चाळीस वर्षं एका चुलीवरचं खाल्लेल्या दोन जिवांचं रक्त वेगळं ते काय असणार? लिंगाप्पानं बायकोच्या हातातली चिठ्ठी घेतली आणि तो आत गेला. बाजाराचा दिवस, ही गर्दी. रक्त काढणाऱ्यानं मान वर न करताच हाक दिली, "सत्तावीस नंबर!" लिंगाप्पानं बाही वर सारली.

"झालंबी? मला न टोचता?" पद्माबाईनं विचारलं.

"कागदावर भागलं," लिंगाप्पा म्हणाला. तिलाही तेच हवं होतं, म्हणून तिनं पुढं विचारलं नाही.

दोन दिवसांनी विनीताबाईंनी रिपोर्ट वाचला. "खूण दिसत नाही, छान. पण साखर दोनशे ऐंशी! एवढ्या साखरेवर तुकडा नको काढायला. आठ दिवस कडक पथ्य करा, मग बघू."

घरी सून मंगलनं कारभार हाती घेतला. सासूला बिनसाखरेचा चहा, सकाळी कारल्याचा रस, संध्याकाळी मेथीची पूड. अशात मंगलचा भाऊ पाहुणा आला आणि पुरणाच्या होळग्या झाल्या. पद्माबाईनं आपल्या वाटणीच्या तिन्ही होळग्या नवऱ्याच्या ताटात सरकवल्या. "खावा. तुमाला काय रोग हाय!"

लिंगाप्पानं दुधातुपात कालवून सहा होळग्या चापल्या आणि तांब्याभर पाणी प्याला. मग आणखी एक तांब्या. मग तिसरा.

पद्माबाई बघत राहिली. "साखर मला झालीया, आन् घटाघटा पानी तुमी कामून पियालाव?"

लिंगाप्पाला ठसका लागला. खरंच की! साखर त्याची होती. पण मग खूण नसलेलं रक्तही त्याचंच! पद्माच्या पोटात काय आहे, ते अजून कुणालाच ठाऊक नव्हतं. एका साली तपासलेली दोन मेंढरं धडधाकट निघाली होती आणि तिसरं संध्याकाळी मेलं होतं, हे त्याला नेमकं आत्ता आठवलं. तो ताटावरून उठला.

"ऊठ. बिदरला जायचंय. आत्ता!"

दवाखान्यात त्यानं खाली मान घालून सगळं सांगितलं, एका चुलीच्या रक्ताचा हिशेबसुद्धा. विनीताबाईंनी रिपोर्ट पुन्हा उघडला. "म्हणजे काका, इतके दिवस मी तुमच्या गर्भाशयाची काळजी करत होते?"

"व्हय. पर ते चांगलं हाय म्हनलाव की तुमी!"

बाई डोळ्यांत पाणी येईतो हसल्या, आणि मग अशा संतापल्या की लिंगाप्पा बाकावरच आक्रसला. "तुमच्या साखरेपायी मी यांची तपासणी पुढं ढकलली! आधी हात इकडं करा, काकू." त्यांनी स्वतः सुई घेतली. पद्माबाई टक लावून बघत राहिली, डोळे मिटले ते लिंगाप्पानं. तिची साखर अगदी ठीक निघाली आणि त्याच दिवशी तुकडाही काढून झाला.

पुढचे आठ दिवस लिंगाप्पानं गोडाला हात लावला नाही, पण ते काही पथ्य म्हणून नव्हे. त्याला अन्नच गोड लागत नव्हतं.

शेवटी रिपोर्ट आला. "कॅन्सर नाही," विनीताबाई म्हणाल्या. "साधा मांसाचा कोंब होता, तोही निघाला." लिंगाप्पा पटक्यात तोंड खुपसून हमसून हमसून रडला.

"रडायलाव कामून?" पद्माबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "बाई चांगलं सांगायल्यात की!"

"आणि काका, आता पथ्य तुमचं," बाईंनी गोळ्यांची चिठ्ठी त्याच्या हातात दिली.

आनंदाच्या भरात मंगलनं पुन्हा होळग्या केल्या. पद्माबाईनं आपल्या तीन खाल्ल्या आणि नवऱ्याच्या तीन आपल्या ताटात ओढल्या.

"आगं, मला एक तरी ठेव!"

"कामून? एका चुलीचं खाल्लं की दोगांचं रगत एकच असतंय न्हवं?" पद्माबाईनं चौथीवर तूप ओतलं. "म्या खायलेय. तुमाला पोचतंयच."

आणि तिनं कारल्याचा पेला त्याच्यापुढं सरकवला.