पहिला मतलब असली

इस्माईलभाईंच्या स्कूटरवर, पाण्याच्या बाटलीवर, जेवणाच्या डब्यावर, इतकंच काय, दारातल्या लिंबाच्या कुंडीवरही एकच चिठ्ठी चिकटवलेली असायची : 'नो तोकार'. कॉलनीत नव्याने आलेल्या एका बाईंना ते लिंबाच्या जातीचं नाव वाटलं आणि त्यांनी नर्सरीत जाऊन 'नो तोकार'चं रोप मागितलं.

'नो तोकार' म्हणजे स्पॅनिशमध्ये 'हात लावू नका'. सातपूरच्या एका कारखान्यात आम्ही दोघं नोकरीला होतो. मी स्टोअरमध्ये, इस्माईलभाई मशीनवर. तिथे स्पेनहून एक अवजड मशीन आलं. त्याच्या पॅनेलवर लाल अक्षरांत हेच लिहिलेलं होतं. ते बसवायला पाब्लो नावाचा इंजिनिअर आला आणि दोन महिने राहिला. त्याला मराठी येत नव्हती, इस्माईलभाईंना स्पॅनिश. तरी दोघं दिवसभर बोलत असत. एकमेकांचं काहीच समजत नसल्यामुळे मतभेद कधी झाले नाहीत.

निघायच्या दिवशी पाब्लोने इस्माईलभाईंचा हात धरून मशीनवर ठेवला आणि म्हणाला, "आओरा ते तोका."

इस्माईलभाईंनी रद्दीच्या दुकानातून स्पॅनिश-इंग्रजी कोश पैदा केला. तोकार : हात लावणे. खाली आणखी अर्धं पान अर्थ होते, पण शब्दांच्या बाबतीत त्यांचा नियम कडक होता. मला म्हणायचे, "देवरेभाऊ, पहिला मतलब असली. बाकी सब डुप्लिकेट!" तेव्हा पाब्लोच्या बोलण्याचा त्यांनी लावलेला अर्थ असा : आता हात लावायचा तो फक्त तू.

पुढची बावीस वर्षं त्या मशीनला त्यांनी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. साहेब आले तरी दोन हात लांब. एकदा तर मेव्हण्याच्या लग्नातून शेरवानीत येऊन इस्माईलभाईंनी बेल्ट बदलला होता. ते आजारी पडले की मशीनही बंद.

त्यांचा मुलगा नासिर आयटीआय करून आमच्याकडेच ट्रेनी म्हणून लागला. पोरगा हुशार. लांबून बघून बघून त्याला ते मशीन निम्मं समजलं होतं. एके दिवशी इस्माईलभाई नमाजला गेले असताना मशीनचा आवाज बदलला, म्हणून त्याने बटण दाबून ते थांबवलं. इस्माईलभाई धावत आले आणि सगळ्या कामगारांसमोर त्याचा हात झटकून ओरडले, "नो तोकार! पढना नहीं आता?"

लोक हसले. स्टोअरच्या खिडकीतून मीही हसलो. नासिर हसला नाही.

दुसऱ्या दिवशी इस्माईलभाई माझ्याकडून नवीन बेअरिंग घेऊन गेले. म्हणजे जुनं खराब झालं होतं आणि पोराने वेळेवर मशीन थांबवलं होतं. हे त्यांना ठाऊक होतं, मलाही कळलं होतं. पण त्यांनी मुलाला तसं सांगितलं नाही, आणि मीही नाही. ते अजून मनात सलतं. महिना भरताच नासिरने नोकरी सोडली. पुढे अंबडला स्वतःचं वर्कशॉप काढलं आणि तो तिकडेच राहायला गेला. ईदला यायचा, आईपाशी बसायचा, जायचा. बापाशी बोलणं सलाम करण्यापुरतं.

इस्माईलभाई निवृत्त झाले तेव्हा मशीन चालवणारं कुणीच उरलं नव्हतं. सहा महिन्यांत ते भंगारात गेलं.

गेल्या हिवाळ्यात माझी मुलगी मानसी स्पॅनिशच्या क्लासला जाऊ लागली. हे कळताच इस्माईलभाई मोठ्या ऐटीत तिला पाब्लोचं वाक्य ऐकवायला आले.

"म्हणजे 'आता तुझा नंबर'," मानसी म्हणाली.

"नाही बेटा. तोकार म्हणजे हात लावणे."

"तेही आहेच, काका. पेटी वाजवणं, दार वाजवणं, यालाही तोच शब्द. आपलं 'लागणे' नाही का? ठेच लागते, भूक लागते, नोकरी लागते. तसं इथे 'नंबर लागला'. खेळात म्हणतो ना, माझं झालं, आता तू."

"और मेरे बाद?"

"मग पुढच्याचा नंबर."

इस्माईलभाई बशीतल्या चहाकडे बघत राहिले. चहावर साय धरली. "बावीस साल," एवढंच म्हणाले आणि उठून गेले.

दोन दिवसांनी सकाळीच दारात हजर. "देवरेभाऊ, अंबडला सोडता?" मुलाचं वर्कशॉप त्यांनी तोवर पाहिलंच नव्हतं.

नासिर कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनसमोर उभा होता. बापाला पाहून त्याने खुर्ची पुढे केली. इस्माईलभाई बसले नाहीत.

"नासिर, ये कैसा चलता? मुझे सिखा."

नासिरने माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं.

"अभी ऑर्डर चालू है, अब्बा."

"चलने दे. मैं रुकता."

बराच वेळ गेला. मग मशीनवरची नजर न हलवता नासिर सांगू लागला, हे बटण कशाचं, तो आकडा कशाचा. इस्माईलभाई मान हलवत "हां, हां" म्हणत होते, पण भलत्याच जागी. सगळी उमर खडखडाटात गेल्यामुळे त्यांचे कान अधू झालेत. मशीन चालू असताना त्यांना शब्द कळत नाहीत, हे मला माहीत होतं. नासिरला कुठून माहीत असणार?

बोलता बोलता त्याने वळून पाहिलं. बापाचा चेहरा नीट न्याहाळला. मग त्याने मशीन बंद केलं, बापाच्या अगदी जवळ आला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागला.