पांढरं दिसेपर्यंत

मी फक्त एक खिडकी बंद करायची ठरवली होती. एवढंच. माणसानं एक खिडकी बंद करावी आणि महिन्याभरात घरच्यांनी त्याला दोन्ही दंडांना धरून डॉक्टरांच्या खुर्चीत नेऊन बसवावं, असं दुसऱ्या कुठल्या घरात होत असेल असं मला वाटत नाही.

सांगतो. सावकाशच सांगेन, मला भरभर बोलता येत नाही. (ही म्हणते, ‘तुम्ही आग लागली हे सांगेपर्यंत घराचा कोळसा होईल.’)

चाळीस वर्षं मी लोकांच्या फर्निचरला पॉलिश केलं. कपाटं, पलंग, दरवाजे. आता हात रिकामे आहेत. मागच्या खोलीत जिथं माझे डबे आणि ब्रश असायचे तिथं आता सूनबाईचं काम चालतं. रेझिनचं. दोन बाटल्या असतात, एकीत रेझिन आणि दुसरीत हार्डनर. काट्यावर तोलून दोन्ही एकत्र करायची, हलक्या हातानं ढवळायची, साच्यात ओतायची, की दुसऱ्या दिवशी काचेसारखी वस्तू बाहेर येते. आत फूल, पान, शिंपला, काय हवं ते.

“एकच वैरी आहे, बाबा,” तिनं मला सांगितलं होतं. “पिवळेपणा. ऊन लागलं की पिवळं. माप चुकलं की पिवळं. एकदम जाड थर ओतला तर आतल्या आत तापूनही पिवळं.”

हे ऐकून मला बरं वाटलं. व्हार्निश पिवळं पडताना मी जन्मभर पाहिलं आहे. म्हटलं, या नव्या जगात एक तरी वैरी आपल्या ओळखीचा निघाला.

मग कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्या बाई आल्या. कागदात गुंडाळलेला क्रोशाचा एक गोल रुमाल त्यांनी टेबलावर उलगडला.

“आईनं विणलेला हा शेवटचा,” त्या म्हणाल्या. “मला याचा ट्रे करून द्या. दुकानात भिंतीवर लावीन. पण हा पांढरा आहे तो पांढराच राहिला पाहिजे हं. दुसरा नाहीये माझ्याकडे.”

सूनबाईची ही पहिली मोठी ऑर्डर. त्या बेकरीत अख्ख्या भागातली माणसं येतात. ट्रे जमला तर तिच्या कामाचं नाव होणार होतं. बिघडला तर गेलेल्या माणसाकडून रुमाल परत विणून घेता येत नाही. बाई गेल्यावर सूनबाई तो रुमाल नुसता बघत बसली.

तिनं आधी नमुन्यादाखल पेल्याखाली ठेवायची एक छोटी चकती केली. तिला ती कोस्टर म्हणते. मी उजेडात धरून बघितली.

“पिवळी पडली,” मी म्हणालो.

“काय?”

“पिवळी.”

“नाही हो बाबा. पाण्यासारखी आहे.”

मी हिच्याकडे चकती दिली. हिनं एकदा बघून परत केली. “स्वच्छ आहे. उगाच पोरीला घाबरवू नका.”

आता हिचं ऐकण्यात अर्थ नव्हता. हिच्या डोळ्यांचं गेल्या वर्षी ऑपरेशन झालं. आत प्लॅस्टिकची लेन्स बसवली आहे. प्लॅस्टिकमधून रेझिन बघायचं म्हणजे त्यांची एकमेकांशी सोयरीकच की! मी हे हिला बोलूनही दाखवलं.

“बरं,” ही म्हणाली. हिचं ‘बरं’ बरं नसतं.

मुलाला विचारलं. तो म्हणाला, “मला काही कळत नाही त्यातलं.” (लग्न झाल्यापासून त्याला कशातलंच कळेनासं झालं आहे. सुखी आहे.)

म्हणून मी खिडकी बंद केली. ऊन येऊच नये म्हणून काचेला खाकी कागद चिकटवला. फटीतून ऊन येत होतं तिथं जुनी चादर लावली. बाटल्यांना माझा मफलर गुंडाळून त्या कपाटात ठेवल्या. खोलीत इतका अंधार झाला की सूनबाई तोलकाट्यावरचे आकडे मोबाइलच्या उजेडात वाचू लागली. मी म्हणालो, “त्याचाही उजेडच पडतो.”

“बाबा,” ती म्हणाली, “मी आता डोळे मिटून ओतू का?”

तरीही तिनं काम सुरेख केलं. एक पातळ थर ओतला, त्यावर रुमाल नीट पसरला, एक दिवस थांबून दुसरा थर दिला. आता चकाकी यावी म्हणून वरचा शेवटचा थर तेवढा राहिला होता. मी रोज तो ट्रे बघत होतो आणि रोज मला तो जुन्या पुस्तकाच्या पानासारखा दिसत होता. कुणाला सांगायचं? जो तो म्हणे, पांढरा आहे. मला वाटलं, ही सगळी मला म्हातारा समजून समजूत घालताहेत, आणि पोरीची ऑर्डर मात्र डोळ्यांदेखत बुडते आहे.

त्या दुपारी ती पार्सल द्यायला बाहेर गेली. ही वरच्या मजल्यावर शेजारणीकडे. मी माझी जुनी पेटी काढली. पॉलिशच्या कामात रंग जुळवायला भुकट्या लागतात. लाल, तपकिरी, काळी, आणि एका पुडीत नीळ. पांढरे कपडे पिवळट झाले की आपण काय करतो? नीळ देतो. इतकी साधी गोष्ट एवढ्या शिकलेल्या माणसांना सुचू नये याचं मला वाईटच वाटलं.

माप मला पाठ होतं. तोलून घेतलं, ढवळलं. काडेपेटीच्या काडीच्या टोकावर येईल एवढीच नीळ घातली. पिवळंच. आणखी एक टोक. किंचित उतरलं. आणखी एक. मग आणखी. शेवटी ते असं पांढरं स्वच्छ झालं की माझे डोळे भरून आले. अलगद ट्रेवर ओतलं. थोडं उरलं ते कोस्टरच्या साच्यात घातलं. टाकायचं कशाला?

सूनबाई परत आली. दार उघडलं. ट्रेपर्यंत आली आणि पिशवी खाली ठेवली.

“झालं ना पांढरं?” मी विचारलं.

“बाबा,” ती खाली बसली. “हे निळं आहे.”

“पांढरं आहे.”

“निळं आहे हो! शाईसारखं निळं! आजींचा रुमाल तळ्यात बुडाल्यासारखा दिसतोय!”

ही धावत खाली आली. बघून तोंडाला पदर लावला. मी म्हणालो, हिला विचारू नका, हिचं प्लॅस्टिक आहे. तेवढ्यात मुलगा आला. दारातच थबकला आणि कित्येक वर्षांनी त्याला काहीतरी कळलं. “बाबा, हे निळं झालंय.”

सूनबाईनं छपाईच्या कागदांचं नवं पाकीट फोडलं, एक कागद काढून माझ्यापुढं धरला. “याचा रंग सांगा.”

“पिवळट. जुना स्टॉक दिसतो.”

कुणीच हसलं नाही. सूनबाईचे डोळे भरले होते, आणि ते माझ्यासाठी की ट्रेसाठी हे मला कळेना.

दुसऱ्या दिवशी मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी यंत्रातून आत बघितलं. “आजोबा, मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांतल्या लेन्स चांगल्याच पिवळ्या पडल्या आहेत.”

“ऊन लागून?” मी विचारलं.

“ऊन, वय, सगळंच.”

“वरून एखादा थर देऊन भागेल का?”

डॉक्टर हिच्याकडे बघायला लागले. “काढून दुसरी बसवावी लागते,” ते म्हणाले. “प्लॅस्टिकची.”

हिनं फक्त पर्स उघडून पुन्हा बंद केली. त्यापेक्षा बोलली असती तर बरं होतं.

उजव्या डोळ्याची तारीख आठवड्यानंतरची मिळाली. बेकरीवाल्या बाई चार दिवसांत येणार होत्या. निळा थर आता दगडासारखा घट्ट झाला होता, आणि त्याच्याखाली, नखाएवढ्या अंतरावर, तो रुमाल.

“घासून काढतो,” मी म्हणालो. “ते काम मला येतं.”

“तुम्हाला दिसणार कसं?” सूनबाई म्हणाली. “जास्त घासलं तर जाळी फाटेल, बाबा.”

“मी सांगेन ना,” ही म्हणाली आणि माझ्याशेजारी स्टूल ओढून बसली.

तीन दिवस मी पाणी लावून पॉलिश पेपरनं घासत होतो. आधी खरबरीत, मग बारीक. हात माझे आणि डोळे हिचे.

“डावीकडं निळं आहे अजून.”

“इथं?”

“तुमचं डावं. हं. हळू. अहो हळू! तिथं फूल विणलंय.”

मला सगळं सारखंच दिसत होतं. चाळीस वर्षं कुणाला माझ्या कामात बोट घालू दिलं नाही, आणि आता हिच्या एकेका शब्दावर हात उचलत होतो, टेकवत होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी ही एकदम म्हणाली, “थांबा.” मी थांबलो. “पांढरं,” ही म्हणाली. माझा विश्वास बसला नाही, पण मी कागद खाली ठेवला. मग पॉलिश लावून फडक्यानं चकाकी आणली. ती मला बोटांना कळते.

बेकरीवाल्या बाई आल्या. त्यांनी ट्रे दोन्ही हातांत धरला, रेझिनवरूनच रुमालाच्या कडेनं अंगठा फिरवला. “अगदी तसाच आहे,” एवढंच म्हणाल्या आणि नाक पुसलं. हिनं पाणी आणलं. घाईत पेल्याखाली नेमकी माझी ती निळी चकती ठेवली.

बाईंनी पेला उचलला. चकतीही उचलली. “अय्या, हा रंग कुठून आणलात? असा निळा मी कुठंच बघितला नाही! माझ्या टेबलांसाठी अशाच चोवीस करून द्या.”

“देऊ की!” सूनबाई म्हणाली.

पुढच्या आठवड्यात माझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली तर जग धुऊन वाळत घातल्यासारखं दिसलं. घरी येऊन ती चकती बघितली आणि मीच ओरडलो, “अरे बापरे, केवढं हे निळं!”

“हो ना,” सूनबाई वही-पेन घेऊन बसली होती. “बाबा, तेव्हा किती नीळ घातली होती?”

“पांढरं दिसेपर्यंत.”

पेन थांबलं. दोन दिवस आम्ही अंदाजानं करून बघितलं. एक आकाशी झाली, एक जांभळी, एक तर गटारासारखी. चोवीस करायच्या होत्या, एकही जुळेना. माझा नवा डोळा प्रत्येक वेळी स्वच्छ सांगे की चुकलं. काय करायचं हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सूनबाई माझ्यासमोर उकिडवी बसली. आवाज अगदी गोड. “बाबा, तुमचा डावा डोळा अजून जुनाच आहे ना?”

डॉक्टरांना तिनंच फोन केला. डाव्या डोळ्याची तारीख दोन महिने पुढं गेली. आता रोज सकाळी ही माझ्या नव्या डोळ्यावर रुमाल बांधते, सूनबाई हातात काडी देते आणि मुलगा मागून म्हणतो, “बाबांना त्रास देऊ नका गं, ते कामात आहेत.”

चाळीस वर्षं या हातांत कसब होतं, पण घरात इतका मान मला कधी मिळाला नाही. तो आता मोतीबिंदूला मिळतो आहे, आणि तोही उरलेल्या अर्ध्याला.