हळदीच्या पुडीतला नेम

“निबंध निळ्या शाईत लिहायचा, डावीकडे चार बोटं समास सोडायचा आणि मजकूर स्वतःच्या मनातला पाहिजे!”

हेडमास्तर सणस सरांचा हा खडा आवाज हायस्कुलातून विंझरला घरी पोचेपर्यंत बनाच्या कानात घुमत होता. पुढं त्यातल्या दोन सूचना तिनं अगदी तंतोतंत पाळल्या. शाई निळी होती, आणि समास तर चांगला पाच बोटं सोडला होता!

विषय होता ‘चातुर्मासातला माझा नेम’. आता बनाच्या घरात नेमांना काय तोटा? आई सगुणाबाई म्हणजे नेमांची भरलेली कणगीच! सोमवारी अळणी, शनिवारी तेल वर्ज्य, तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहा नाही. शिवाय दारी आलेल्या पाहुण्याला जेवण होईपर्यंत ‘कोण, कुठले’ असं विचारायचं नाही, हा तर माहेराहून आणलेला नेम. बनाचा स्वतःचा नेम एकच होता. आईनं तीन हाका मारल्याशिवाय अंथरूण सोडायचं नाही. तो काय निबंधात लिहायचा?

आणि निबंध तर गाजायलाच हवा होता. वडील, सोपानराव, यांनी आषाढ लागतानाच सांगून ठेवलं होतं, “दिवाळीपातूर बघतो. मास्तरांनी तुजं नाव काढलं तर शीक म्होरं. न्हाईतर घरात कामाला मानूस हवंच हाय.”

“नाव काय काढत्यात आबा, सगळ्या शाळेपुढं गाजवत्यात का न्हाई बघा!” बना म्हणाली. तिला स्वतःविषयी शंका अशी कधी आलीच नव्हती.

संध्याकाळी ती चुलीपुढं वही घेऊन बसली. पाच बोटं समास सोडून झाला आणि गाडी अडली. शेजारी गेनूशेटच्या दुकानातून आलेली हळदीची पुडी पडली होती. पुडीचा कागद छापील. खालचा अर्धा आईनं चूल पेटवायला फाडून घेतलेला, पण वरचा अर्धा काय सुरेख होता म्हणून सांगू!

‘अतिथी हेच आमचे दैवत! आमच्या दारातून भुकेला जीव कधी विन्मुख गेला नाही. पाहुण्याच्या पोटात गरम घास पडल्याशिवाय आमच्या जिवाला चैन पडत नाही. केव्हाही या, कुणीही या, पोटभर जेवा!’

बनानं सगळं जसंच्या तसं उतरवलं. शेवटी स्वतःच्या मनातलं एक वाक्य जोडलं, ‘हाच माझा चातुर्मासातला नेम.’ मग हळदीचं बोट लागलेलं पान झटकून ती निवांत झोपली.

तिसऱ्या दिवशी सणस सरांनी प्रार्थनेनंतर निबंध सगळ्या शाळेला वाचून दाखवला. वाचताना दोनदा चष्मा पुसला! “याला म्हणतात संस्कार! घरी जाऊन आईवडिलांना सांगा रे, विंझरला अशी माणसं राहतात!”

पोरांनी सांगितलं. चांगलं चार-पाच गावांत सांगितलं.

दुसऱ्याच दिवशी दुपारी देवी टोचायला आलेला सरकारी माणूस ओसरीवर येऊन बसला. त्याच्या मागून एक म्हैस हुडकत फिरणारा म्हातारा. मग वस्तीच्या एस.टी.चा कंडक्टर साहेबराव. तो एकदा आला आणि रोजचाच झाला. सगुणाबाईंनी कुणालाच काही विचारलं नाही. विचारणार कशा? नेम! जेवण झाल्यावर विचारावं, तर ढेकर देऊन पाहुणा कधीच वाटेला लागलेला.

“ह्यो कोन?” सोपानराव माजघरात येऊन कुजबुजत.

“तुमचा असंल.”

“माजा न्हाई. म्हंजी तुज्या म्हायेरचा?”

“माज्या म्हायेरची मानसं येवडी न्हाई जेवत!”

दोघं बनाकडं बघत. बना पुस्तकात डोकं घाले. पाहुणे काय, आज आहेत, उद्या जातील, असा तिचा हिशेब. पण पाहुणे जाईनात! पहिल्या आठवड्यात कणगीत हात घातला की वरच्यावर तांदूळ लागत. मग कोपरापर्यंत हात घालावा लागला. दुसऱ्या आठवड्यात सोपानरावांचं डोकंच कणगीत गेलं आणि आतून विहिरीतून यावा तसा आवाज आला, “अगं, तळ दिसतोय! नवं भात यायला अजून तीन महिनं हायती!”

अशात रविवारी खुद्द सणस सर आले. असल्या माउलीच्या हातचं जेवायचं, ही त्यांची इच्छा. पंगतीत शेजारी साहेबराव कंडक्टर होताच. सरांना भाकरीबरोबर गूळ लागतो हे कळल्यावर सगुणाबाईंनी बनाला दुकानात पिटाळलं. ती धावत गेली, धावत आली आणि पुडी सरांच्या ताटाशी ठेवली. मास्तरांची सवय मोठी वाईट. छापील कागद दिसला की गूळ बाजूला आणि कागद हातात!

“अतिथी हेच आमचे दैवत…” सर वाचू लागले आणि हरखले. “अरे वा! बना, तुझा निबंध छापून आला?”

बनानं पटकन कागदाकडं हात केला. कारण हा कागद फाटलेला नव्हता. अख्खा होता!

“…पोटभर जेवा! सावळाराम भोजनालय, भोर, एस.टी. स्टँडसमोर. शाकाहारी, मांसाहारी. गुरुवारी बंद.”

तव्यावरची भाकरी उलटायचं भान सगुणाबाईंनाही राहिलं नाही.

“सावळारामची जाहिरात व्हय!” साहेबराव घास चावत आनंदानं म्हणाला. “आमच्याच गाडीत वाटलीती. उरलेला गठ्ठा गेनूशेटला रद्दीत दिला. गावभर जिरं-मिरं त्यातच बांधतुया त्यो!”

सरांनी चष्मा काढला. या वेळी पुसला नाही.

“बना, तुझा नेम गुरुवारी बंद असतो का?”

बनानं सगळं सांगितलं, हळदीच्या पुडीपासून. ऐकता ऐकता सोपानरावांचा चेहरा तव्यासारखा तापला. “म्हंजी ही समदी फौज तू बोलावलीस? बास! उद्यापास्नं शाळा बंद! गुरुवारीच न्हाई, साती वार बंद!”

सर खाली मान घालून बसले. त्यांनीच तर गावोगाव कौतुक पाठवलं होतं!

तेवढ्यात सगुणाबाई चुलीपुढून उठून आल्या. त्यांचा आवाज कधी चढत नसे, आत्ताही चढला नाही.

“शाळा बंद करून तांदूळ परत येनार हायती का? कागद कुनाचा का असंना, नेम हिच्या नावानं बोलला गेलाय. आता त्यो मोडायचा न्हाई. पर माज्या कनगीतनं न्हाई, बने. तुज्या ताटातनं. हाय कबूल?”

“त्यात काय!” बना सावरून म्हणाली. “कार्तिकीपातूर रोज माझी अर्धी भाकरी देते!”

“आणि निबंध पुन्हा लिहायचा,” सर म्हणाले. “समास चार बोटंच.” सोपानरावांकडं वळून त्यांनी हात जोडले, “दिवाळीपर्यंत मुदत तुमचीच होती, सोपानराव. ती तरी राहू द्या.”

सोपानरावांनी पुडीतला गूळ फोडून सरांच्या ताटात वाढला. “एक दीस जरी नेम चुकला,” ते शेवटी म्हणाले, “तर दुसऱ्या दिवशी दप्तर खुंटीला.”

नवा निबंध पाऊण पानाचा झाला. त्यात उशिरा उठण्याचा नेमही प्रामाणिकपणे आला. दहापैकी चार गुण मिळाले. इकडं साहेबरावानं जाहिरातीची गोष्ट गाडीभर केली आणि पाहुणे यायचे थांबले. आणि अर्धी भाकरी? ती घ्यायला गावात कुणी तयार होईना, रोज एस.टी.च्या थांब्यावरचा एखादा भुकेला उतारू गाठावा लागे! शेजारच्या भामाबाई तर हातच जोडत, “नगं बाई, तुज्या घरचं खाऊन आता जाहिरातीत नाव यायचं माजं!” दुपारी बनाच्याच पोटात असे कावळे ओरडत की भूमितीतले सगळे त्रिकोण तिला भाकरीच्या चतकोरांसारखे दिसत.

गुरुवार उजाडला. आईनं एकच हाक मारली आणि बना उठली. ओसरीवर दात घासत बसलेले सोपानराव मिशीत हसले.

“आज सुट्टी ना गं तुज्या भोजनालयाला?”

बनानं भाकरी मोडली. एक अर्धी जरा मोठी निघाली. तिच्याकडं तिनं क्षणभर बघितलं, मग तीच वेगळ्या फडक्यात बांधली आणि सकाळची गाडी सुटण्याच्या आत एस.टी.च्या थांब्याकडं निघाली.